डालड्याचा डबा आणि ‘अर्का’

गेल्या वर्षी तुळशीची लग्नं उरकली, गुऱ्हाळांचा धूर दिसायला लागला आणि आमच्या घरात दोन माणसं एकाच वेळी नंबराची वाट बघत बसली. खाली सोप्यात थोरले बंधू. कारखान्याच्या चिटबॉयला, म्हणजे ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्याला, दिवसातून तीनदा फोन : ‘आमचा प्रोग्राम कधी लावतायसा?’ वर स्लॅबवर, पाण्याच्या टाकीला पाठ लावून, ताईची लेक. ती पुण्यात हवामानशास्त्रात पीएचडी करते. आमच्या गावात मोबाईलची रेंज त्या टाकीपाशीच काय ती दोन काड्या येते. तिच्या मांडीवरच्या काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी होत्या आणि तिच्या नावापुढं दोनच अक्षरं : ‘पीडी’. म्हणजे पेंडिंग. शेजारी कारणाचा रकाना, त्यात ‘प्रायॉरिटी’.

‘माझ्यापुढं दोनशेवर जॉब आहेत मामा,’ ती म्हणाली. ‘आज काय नंबर लागत नाही.’

बंधूंना मी वर काय चाललंय ते समजावून सांगितलं. पुण्याला एक मोठं यंत्र आहे, त्यावर हिला गणित चढवायचंय, पण यंत्र एकटीचं नाही, पुढं दोनशे जणांचा ऊस उभा आहे. बंधूंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, ‘मग हिचा चिटबॉय कोण?’

हा लेख त्या प्रश्नापासून सुरू झाला.

हिच्या चिटबॉयचं नाव ‘स्लर्म’. तो माणूस नव्हे, प्रोग्राम आहे. जगभरातल्या बऱ्याच महासंगणकांवर रांग लावायचं काम तोच करतो. महासंगणक म्हणजे सिनेमात दाखवतात तसं लुकलुकणाऱ्या दिव्यांचं एकच अजस्र डोकं, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ती हजारो साध्या संगणकांची चाळ असते. एकेका खोलीला नोड म्हणायचं, नोडमधल्या एकेका कामकऱ्याला कोर म्हणायचं, आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या अतिवेगवान तारा. तुम्ही त्याच्यापुढं जाऊन बसत नाही. घरून, हॉस्टेलवरून किंवा शाहूवाडी तालुक्यातल्या आमच्या स्लॅबवरून लॉगिन करायचं आणि एका फाईलीत अर्ज लिहायचा : किती कोर पाहिजेत, किती मेमरी, किती तास. मग ‘जॉब टाकायचा’. टाकायचा हाच शब्द ही पोरं वापरतात, गिरणीत दळण टाकावं तसा.

पुढचं सगळं तोडीसारखं. कारखाना लागणीच्या नोंदीची तारीख बघतो, आडसाली आहे की खोडवा ते बघतो आणि टोळी पाठवतो. स्लर्म अर्जाची तारीख बघतो, किती मोठा जॉब आहे ते बघतो आणि आणखी एक गोष्ट बघतो, जी कारखान्यांनी जरूर उचलावी. तिला ‘फेअरशेअर’ म्हणतात. गेल्या काही आठवड्यांत ज्यानं यंत्र जास्त ओरबाडलं, त्याचा नंबर आपोआप मागं ढकलला जातो. संचालकाचा पाहुणा असो नाहीतर प्रयोगशाळेचा प्रमुख, हिशेब सगळ्यांना एकच. बंधूंना हे कलम फार आवडलं.

छोट्यांची सोयही आहे. समजा एका मोठ्या जॉबला शंभर नोड हवेत, साठ मोकळे झालेत आणि उरलेले चाळीस चार तासांनी सुटणार आहेत. तोवर साठ नोड रिकामे का ठेवायचे? मग मागं उभा असलेला दोन तासांचा किरकोळ जॉब पुढं घेऊन त्या फटीत बसवतात. रस्त्याकडेचं दहा गुंठ्यांचं तुकडं, मोठ्या फडाकडं जाणारी टोळी वाटेत उरकून टाकते, अगदी तसंच. म्हणून जाणती पोरं तासांचा अंदाज ताणून लिहीत नाहीत. पण कमी लिहिला तरी पंचाईत. लिहिलेले तास संपले की स्लर्म गणित आहे तिथं तोडतो, दयामाया नाही. भाचीचा एक जॉब अठ्ठेचाळीस तासांचा लिहिला होता आणि त्याला पन्नास लागणार होते. तेव्हापासून ती दर सहा तासांनी अर्धवट गणिताची नोंद, ज्याला रीस्टार्ट फाईल म्हणतात, लिहून ठेवायला शिकली. पुढच्या खेपेला तिथून पुढं सुरू.

आणि एक शिष्टाचार. लॉगिन केल्यावर आपण ज्या पहिल्या संगणकावर उतरतो तो लॉगिन नोड, सगळ्यांच्या येण्याजाण्याचं फाटक. नवखा माणूस उत्साहात तिथंच जड गणित सुरू करतो. बाजार समितीच्या फाटकात ट्रॉली आडवी लावून माल विकायला बसावं तसा हा प्रकार. पाच मिनिटांत सगळ्यांचा खोळंबा होतो, दहाव्या मिनिटाला व्यवस्थापक तो प्रोग्राम मारतो आणि सभ्य भाषेत एक मेल पाठवतो. ही मेल न मिळालेला संशोधक मला अजून भेटायचाय.

अनेक लहान यंत्रं जोडून वापरायचं हे शहाणपण आपल्याकडं गरजेतून आलं. १९८० च्या दशकात भारताला अमेरिकेकडून महासंगणक हवा होता. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्ससाठी मागितलेलं वरच्या ताकदीचं क्रे यंत्र मिळालं नाही. मिळालं ते त्याहून धाकटं क्रे एक्स-एमपी, तेही दिल्लीला, हवामानाच्या अंदाजापुरतं. मग १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झालं आणि अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याच्या विजय भटकरांनी ते काम अंगावर घेतलं. एक बलदंड प्रोसेसर मिळत नाही ना, मग लहान लहान अनेक जोडू, असा तो देशी हिशेब. १९९१ साली ‘परम ८०००’ उभा राहिला. आतमध्ये ट्रान्सप्युटर नावाच्या चिपा, कमाल वेग सेकंदाला अब्जभर गणितांच्या आसपास. आज खिशातला फोन त्याला मागं टाकतो. पण अनेक लहान डोकी एका कामाला जुंपायची त्यातली कल्पना पुढं साऱ्या जगाचाच रिवाज झाली.

आता पुण्यातला पाषाण भाग म्हणजे महासंगणकांची पेठच झालाय. राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशन २०१५ मध्ये ४,५०० कोटींच्या तरतुदीनं सुरू झालं, त्यातून २०१९ मध्ये पाषाणच्या आयसरमध्ये ‘परम ब्रह्म’ आला. त्याच रस्त्यावर भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था, म्हणजे आयआयटीएम. तिथं जानेवारी २०१८ मध्ये ‘प्रत्यूष’ सुरू झाला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ‘अर्का’. अर्काचा वेग ११.७७ पेटाफ्लॉप्स. पेटा म्हणजे एकावर पंधरा शून्यं. भास्कराचार्यांच्या लीलावतीतली संख्यांची नावं मोजत गेलं तर ही जागा ‘अंत्य’ची. म्हणजे सेकंदाला पावणेबारा अंत्य गणितं. लीलावतीत अंत्यानंतर आणखी मध्य आणि परार्ध आहेत, त्यामुळं वाढायला अजून जागा आहे. अर्का आणि नोएड्याचा त्याचा जोडीदार ‘अरुणिका’, दोघांचा मिळून खर्च ८५० कोटी.

एवढं यंत्र शाहूवाडीच्या काय कामाचं?

आमच्या तालुक्याचं नाव शाहूवाडी, बाजार मलकापूरचा, आणि अंग लांबट. पूर्वेला बांबवडे, तिथं उसाचे फड आणि सपाटी. पश्चिमेला आंबा, तिथं घाट तुटून कोकणात साखरप्याला उतरतो. मध्ये विशाळगड, गजापूर, पावनखिंड. कासारी इकडंच उगवते आणि पंचगंगेत जाऊन कोल्हापूरला भेटते. कडवी वारणेला मिळते आणि वारणा पुढं कृष्णेला. म्हणजे आमच्या डोंगरावर रात्री किती पडला, यावर कोल्हापूर-सांगलीच्या गल्ल्यांत पाणी शिरणार की नाही ते ठरतं. आणि पाऊस इथं वावावावानं बदलतो. आंब्याला धुक्यात हाताला हात दिसत नाही, तेव्हा बांबवड्यात बायका अंगणात वाळवण घालतात.

हवामानाचं मॉडेल पृथ्वीवर चौकटींची जाळी टाकतं आणि प्रत्येक चौकटीत वारा, बाष्प, तापमान, दाब यांची गणितं करतं. प्रत्यूषवर चालणाऱ्या जागतिक मॉडेलची चौकट साडेबारा किलोमीटरची होती. आंबा ते बांबवडे हवेतून तीसेक किलोमीटर. म्हणजे आमचा अख्खा तालुका दोन-तीन चौकटींत संपला. घाटमाथा, त्याची पायथ्याकडची कडा आणि सपाटीचा ऊस, सगळ्यांची सरासरी एकच. मे २०२५ मध्ये ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ जाहीर झाली, तिची चौकट सहा किलोमीटरची. आता तीच वाट पाच चौकटींची झाली. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण चौकट निम्मी केली की पूर्व-पश्चिम दुप्पट चौकटी, दक्षिणोत्तर दुप्पट, आणि गणित कोसळू नये म्हणून वेळेची पावलंही निम्मी. म्हणजे काम आठपट. प्रत्यूषवरून अर्काकडं का जावं लागलं, त्याचं निम्मं उत्तर या आठात आहे.

भाचीचं काम याहून बारीक जाळीचं. सह्याद्रीचा हा पट्टा एक किलोमीटरच्या चौकटीनं, एकेक जुना पावसाळा. रोजचा अंदाज देणारी यंत्रं अंदाजाला बांधलेली. तिचा जॉब लागतो दुसऱ्या एका सामाईक यंत्रावर, जिथं रेणूंवाले, ताऱ्यांवाले, जनुकांवाले सगळे एकाच रांगेत. तिच्यासमोर बसून मी वहीत हिशेब मांडला. पाचशे गुणिले पाचशे चौकटी, वर पन्नास थर, प्रत्येक आकड्याला चार बाईट : एका राशीचे पाच कोटी बाईट, म्हणजे ५० मेगाबाईट. अशा दहा राशी, दर तासाला. दिवसाचे १२ गिगाबाईट. जून ते सप्टेंबरचे १२२ दिवस धरले की एका पावसाळ्याचे दीड टेराबाईट. दहा पावसाळे, पंधरा टेराबाईट. ‘आणि हे एकाच प्रयोगाचं,’ ती म्हणाली. टाकीपाशी नेट सेकंदाला दहा मेगाबिटचं सलग मिळालं, जे मिळत नाही, तरी एक पावसाळा उतरवून घ्यायला चौदा दिवस लागतील.

मग हा माल राहतो कुठं? इथं खरी गोम आहे.

आमच्या गावात गिरणी आहे. दळण टाका, डबा ठेवून जा, संध्याकाळी या. पण गिरणीवाला पीठ दळून देतो, सांभाळून ठेवत नाही. चार दिवस डबा नेला नाही तर उंदरांचा दोष नाही. महासंगणकातही अशी एक ओसरी असते, तिला ‘स्क्रॅच’ म्हणतात. अतिशय वेगवान, अतिशय मोठी, आणि बहुतेक केंद्रांत तिचा बॅकअप घेतला जात नाही. ठरावीक मुदतीत फाईलीला कोणी हात लावला नाही तर ती झाडून टाकतात. घरची फाईल ठेवायला वेगळा कोपरा असतो, ‘होम’, पण त्याचा कोटा चिमटीएवढा. हे सगळं नियमावलीत लिहिलेलं असतं. नियमावली कोणी वाचत नाही.

भाचीनंही वाचली नव्हती. कुठल्या केंद्रात घडलं ते सांगत नाही, कारण चूक केंद्राची नव्हतीच. तिनं एक अख्खा पावसाळा स्क्रॅचवर ठेवला आणि घरच्या लग्नाला आली. पुढं परीक्षा, पुढं आजारपण. झाडलोट होणार असल्याच्या तीन मेल आल्या होत्या, त्या जाहिरातींच्या ढिगाखाली गेल्या. परत लॉगिन केलं तर फोल्डर होतं, आत काही नव्हतं. ‘रिकामं फोल्डर बघवत नाही मामा. घर झाडून चोरी झाली असं वाटतं.’ गाईडनं रागावण्याऐवजी एकच विचारलं : कोड आहे? नेमलिस्ट, म्हणजे मॉडेलला दिलेल्या सूचनांची यादी, आहे? सुरुवातीचा डेटा कुठून घेतला त्याची नोंद आहे? तिन्ही होती. मग रांगेत परत उभी राहा, म्हणाले. स्लॅबवरचा तो पीडी त्याच पावसाळ्याचा होता.

हिची चूक निदान हिची होती. जपानमधल्या क्योटो विद्यापीठात २०२१ च्या डिसेंबरात जे झालं, ते कुठल्याच संशोधकाच्या हातून झालं नाही. तिथल्या महासंगणकावर बॅकअप घेणारा एक प्रोग्राम होता. त्याच प्रोग्राममध्ये जुन्या नोंदी, दहा दिवसांपूर्वीच्या लॉग फाईली, पुसून टाकायची एक तरतूद होती. यंत्र पुरवणाऱ्या कंपनीनं या प्रोग्रामची सुधारित प्रत तयार केली आणि जुनी प्रत चालू असतानाच तिच्या जागेवर नवी बसवली. असले प्रोग्राम ओळीमागून ओळ वाचत पुढं जातात. अर्ध्यात कागद बदलला. काय पुसायचं ते सांगणारी जागा रिकामी राहिली आणि ‘पूस’ ही आज्ञा तेवढी शिल्लक उरली. १४ डिसेंबरच्या संध्याकाळपासून १६ डिसेंबरच्या दुपारपर्यंत तो प्रोग्राम इमानदारीनं पुसत राहिला. ७७ टेराबाईट, सुमारे ३ कोटी ४० लाख फाईली, १४ संशोधन गट. त्यातल्या चार गटांचा डेटा बॅकअपमधूनही परत येऊ शकला नाही. कंपनीनं संपूर्ण जबाबदारी घेतली, माफी मागितली.

राखायला ठेवलेल्यानंच खाल्लं, याचं कोणाला नवल वाटेल तर वाटो. गावाकडच्या माणसाला वाटत नाही. आमच्या आईनं नाचणीचं बी कधी एका कणगीत ठेवलं नाही. थोडं घरी राखेत, थोडं माहेरी, आणि थोडं गल्लीतल्या तिच्याशी कधी न पटणाऱ्या जावेकडं. ‘तिच्याकडचं ती खायची न्हाई,’ आई म्हणायची, ‘मला द्यावं लागंल म्हणून जपंल.’

पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकारानं रूढ केलेला तीन-दोन-एकचा नियम याहून वेगळं काय सांगतो? तीन प्रती, दोन वेगळ्या जातीच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. मोठी केंद्रं दुसरी जात म्हणून अजून चुंबकी टेप वापरतात. लोकांना टेप म्हणजे जुनीपुराणी कॅसेट वाटते. पण कपाटात ठेवलेल्या टेपला वीज लागत नाही आणि तारेनं न जोडलेल्या वस्तूपर्यंत कुठला वेडा प्रोग्राम पोचत नाही. क्योटोच्या गोष्टीनंतर मला टेपेविषयी आदर वाटायला लागला.

‘दुसरं गाव’ कोणतं, हे मात्र आपलं आपण ठरवायचं. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ५५ फूट ओलांडले. धोक्याची खूण ४३ वर. त्याच आठवड्यात सांगलीत कृष्णा घरांत होती. महामार्ग बंद. तळमजल्यावरची कपाटं, शाळांचं दप्तर, दवाखान्यांचे संगणक, फोटोग्राफरांच्या हार्ड डिस्का, सगळं एका पाण्याखाली. कोल्हापूरच्या माणसानं दुसरी प्रत सांगलीच्या मेहुण्याकडं ठेवली असती, तर नियम पाळला गेला असता आणि प्रत गेली असती. नकाशावरचं अंतर उपयोगाचं नाही, त्याच पुरात न सापडणारी जागा लागते. त्या पुरात माझ्या एका मित्रानं घरातली महत्त्वाची कागदपत्रं गोणीत भरून आमच्याकडं वर आणून टाकली. शाहूवाडी ही कोल्हापूरची ऑफसाईट प्रत आहे, असं मी तेव्हापासून म्हणतो.

प्रत घेतली म्हणजे संपलं असंही नाही. ती जुळते का? दुकानदार रात्री खतावणीचा ताळा घेतो, तसा फाईलींचाही ताळा असतो, चेकसम. फाईलीतल्या प्रत्येक बाईटचं गणित करून एक लांबडा आकडा काढायचा. मूळ आणि प्रत यांचा आकडा एक आला तर माल तोच. एक अक्षर बदललं तरी आकडा पार वेगळा. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षं चालली होती, ती तरी दुसरं काय होती? काश्मीरपासून केरळापर्यंत विखुरलेल्या १,२५९ हस्तलिखितांचा ताळा. कुठल्याच दोन प्रती सारख्या नव्हत्या, पण त्या इतक्या ठिकाणी होत्या म्हणून तर कुठली ओळ कधी घुसली ते कळलं. एकच सुंदर, अधिकृत प्रत एखाद्या राजवाड्यात जपून ठेवली असती तर? नकोच तो विचार.

आता माझं मत सांगतो. भाचीचा गेलेला पावसाळा परत आला. तीन आठवडे गेले, वीज गेली, रांगेत पुन्हा उभं राहावं लागलं, पण कोड आणि सूचनांची यादी शाबूत होती म्हणून गणित पुन्हा करता आलं. दीड टेराबाईट जपण्यापेक्षा ते बनवायची काही मेगाबाईटची कृती तीन ठिकाणी जपणं शहाणपणाचं, हे तिथले लोकही सांगतात. बासुंदी नासली तर नासू दे, दूध आणि कृती पाहिजे. पण दुधाचं काय? मॉडेल बरोबर बोलतंय की नाही हे ठरतं जमिनीवरच्या मोजणीनं. आणि मोजणी नव्यानं करता येत नाही.

आमच्या उत्तरेला चांदोलीचं वारणा धरण आहे आणि त्यापलीकडं कोयना. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेला ६.३ रिश्टरचा धक्का बसला, ते थोरल्यांना अजून आठवतं. धरण भरल्यावर धक्के जाणवू लागले तेव्हापासून, १९६३ पासून, तिथं भूकंपमापक लागलेत. १९९३ पासून धक्क्यांचा पट्टा वारणेकडं खाली सरकला. जलाशयामुळं होणाऱ्या भूकंपांविषयी जग जे शिकलं, त्यातलं पुष्कळ या डोंगरातल्या नोंदींवरून. १९६७ चा भूकंप कुठल्या अर्कावर पुन्हा घडवणार? त्या दिवशी कागदावर जी रेघ उमटली, तेवढीच.

पावसाचंही तसंच. इंग्रजांनी तालुक्यागणिक पर्जन्यमापक बसवले, रोज सकाळी ठरावीक वेळी मोजायची शिस्त लावली, आणि आकडा तालुक्याच्या रजिस्टरात, तिथून जिल्ह्याला, तिथून हवामान खात्याला. हेतू सारावसुलीचा असेल, पण बॅकअप झाला. १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं. जुने पुणेकर शिवाजीनगरच्या त्या इमारतीला अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. तिथं साठलेल्या नोंदींवरून हवामान खात्यानं १९०१ पासूनच्या रोजच्या पावसाची देशभराची जाळी तयार केली, त्यासाठी ६,९५५ केंद्रांचे आकडे वापरले. भाची आपलं मॉडेल याच जाळीशी ताडून बघते. कुठल्या तरी कारकुनानं, डोक्यावर इरलं धरून, चिखलातून जाऊन वाचलेला आकडा शेवटी अर्काच्या वर बसतो. तो खोटा ठरत नाही, अर्का ठरतो. आता महावेधची स्वयंचलित केंद्रं आलीत, मंडळागणिक. मोजणी सुधारली. जुन्या वह्यांचं काय झालं ते बघायला मी एका कार्यालयात गेलो होतो, नाव घेत नाही. कपाट दाखवलं. चावी ज्यांच्याकडं होती ते रिटायर झाले होते.

दुसऱ्याला बोलणं सोपं. आता घरचं सांगतो.

आमचे दादा, म्हणजे वडील, प्राथमिक शिक्षक. त्यांनी अंगणातल्या तुळशीकट्ट्यापलीकडं डालड्याचा एक डबा पुरला होता. सरळ उभ्या भिंतींचा डबा, त्यामुळं आत जितकी उंची तितका पाऊस. शाळेला निघायच्या आधी लाकडी फूटपट्टी बुडवायची, ओली खूण बघायची आणि वहीत लिहायचं. त्यांनी मोजला तो इंचात, पुढं मिलिमीटरमध्ये. शास्त्रीय दृष्ट्या डब्यात चार दोष आहेत, भाचीनं ते सांगितले. छपराच्या फार जवळ, कडेवरून शिंतोडे उडतात, वगैरे. पण तेवीस वर्षं, एका जागी, एका माणसानं, एका वेळेला. तिचे डोळे लकाकले ते मी पाहिले.

दादा गेल्यावर मी शहाणपणा केला. वह्यांना वाळवी लागायला लागली होती म्हणून सगळ्या पानांचे मोबाईलवर फोटो काढले. दोन दिवस लागले. मग वह्यांची काळजी सोडून दिली, कारण आता ‘डिजिटल’ झालं होतं. वाळवीनं आपलं काम पुरं केलं. पुढच्या पावसाळ्यात गाडी घसरून मी ओढ्यात पडलो. माझा गुडघा वाचला, फोन नाही. क्लाऊडवर आपोआप जातं असं मला कोणीतरी सांगितलं होतं. ते सेटिंग चालू करावं लागतं, हे मला दुकानात कळलं.

मोजून बारा पानं वाचली. ती मी कौतुकानं कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली होती : ‘दादांचं अक्षर बघा.’ सव्वीस जणांच्या फोनमध्ये ती होती. एका चुलतभावानं तर शुभ सकाळच्या फुलांच्या ढिगात जपून ठेवली होती. तेवीस वर्षांतली बारा पानं, त्यातली एक जुलै-ऑगस्टची, बाकी सुटी सुटी.

जॉब लागला तो रात्री तीनच्या सुमाराला. सकाळी मी वर चहा घेऊन गेलो तर पीडीच्या जागी ‘आर’ आला होता आणि भाची तिकडं बघतही नव्हती. फोनवर दादांचं पान मोठं करून ती लॅपटॉपवर आकडे उतरवत होती. तारीख, मिलिमीटर. तारीख, मिलिमीटर. खाली बंधूंचा आवाज आला, टोळी उद्या येतेय, कोयते आणि बैलगाड्या मिळून अकरा. त्यांनाही नंबर लागला होता.

‘मामा, हे वाचा जरा. शाई फुटलीय.’

जुलैच्या शेवटच्या आठवड्यातली ओळ होती. आदल्या दिवशी १४२, त्याच्या आदल्या दिवशी ११८. आणि या दिवशी आकड्याच्या जागी दादांनी लिहिलं होतं : ‘डबा भरून वाहिला. मोजता आला नाही. शाळा बंद. खालचा बांध गेला.’

मी वाचून दाखवलं. तिनं थोडा वेळ त्या ओळीकडं बघितलं. मग तारखेसमोरच्या रकान्यात, आकडा नसला की त्यांच्या शास्त्रात जे घालतात ते टाईप केलं, उणे ९९९, आणि पुढच्या दिवसाकडं गेली.